तिसरा सिलिंडर का जळला: घरी बांधलेल्या बीटल इंजिनाचं प्रकरण

गाडी 1968 ची फोक्सवॅगन बीटल. इंजिन 1500: बोअर (सिलिंडरचा व्यास) 83 मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) 69 मि.मी., एकूण 1493 सी.सी. मालक माझा जुना मित्र. त्याच्या तक्रारी तीन होत्या. चढावर गाडी ओढत नाही, डाव्या बाजूनं फटफट आवाज येतो, आणि इंजिन नीट तापलं की आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो. त्याचं मनात ठरलेलंही होतं: दोन्ही हेड उतरवायची, व्हॉल्व्ह आणि रिंगा नव्या घालायच्या, की काम झालं.

माझं याबाबत ठाम मत आहे. एअर-कूल्ड इंजिन कशानं गेलं याचं उत्तर हाती येईपर्यंत त्याचा एकही सुटा भाग विकत घेऊ नये. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. उष्णता बाहेर न्यायला फक्त पंख्याची हवा आणि अडीच लिटर तेल. त्या दोन वाटांपैकी एक जरी अडली, तर आतले भाग कितीही चांगल्या प्रतीचे घाला, ते पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीनं मरणार. म्हणून इंजिन गाडीत असतानाच आम्ही मोजमापं घ्यायला बसलो.

कॉम्प्रेशन (पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये होणारा दाब) एक, दोन आणि चार नंबरला 7 ते 7.5 बार, तीन नंबरला 4.1. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली तर सायलेन्सरच्या नळीतून स्पष्ट फुसफुस ऐकू आली, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. ऑइल स्विचच्या जागी गेज लावून पाहिलं: तेल 70 अंशांवर, इंजिन 2500 फेऱ्यांवर, आणि दाब 1.3 बार. फोक्सवॅगनची खालची मर्यादा या परिस्थितीत जवळपास 2 बार आहे.

यापुढची तपासणी फुकटची आहे आणि जुनी बीटल घेणाऱ्या प्रत्येकानं ती करावी. इंजिन बंद ठेवून क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली दोन्ही हातांनी धरायची आणि पुढे-मागे ढकलायची. निरोगी इंजिनात हाताला जवळजवळ काही कळत नाही. इथे दर वेळी स्वच्छ 'टक' आवाज येत होता. पुलीच्या तोंडाला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) टेकवला तर काटा 0.45 मि.मी. फिरला. नव्या इंजिनात हा एंड प्ले, म्हणजे क्रँकची पुढे-मागे ढील, 0.07 ते 0.13 असतो, 0.15 च्या वर गेला की इंजिन उघडायचं. "नुसती हेड करून भागणार नाही का?" असं मित्रानं पुन्हा विचारलं. पण पुलीचा तो आवाज त्यानं स्वतःच्या हातांनी ऐकला होता, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही.

इंजिन खाली घेण्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. गिअरबॉक्सला ते चार जागी धरलेलं असतं, वजन शंभर किलोच्या थोडं वर, खाली भक्कम जॅक हवा आणि पेट्रोलची नळी आधी नीट बंद करायला हवी. फ्लायव्हीलचा मधला 36 मि.मी.चा नट मात्र आडदांड आहे. तो सुमारे 340 न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, तेव्हा फ्लायव्हील अडवायला पक्की पट्टी आणि पान्याला लांब पाइप लागतो. पाना आणि छिन्नी-हातोडा घेऊन कोणी तो सोडवू लागलं तर त्याला थांबवावं.

उतरवताना काय दिसलं

पंख्याचं मोठं पत्र्याचं घर उचललं आणि अर्धं उत्तर समोर आलं. तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरच्या पात्यांमध्ये तेल आणि धूळ यांचा थर नमद्यासारखा घट्ट बसला होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसून तो पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर काढावा लागला. ऑइल कूलरच्या फटी खालच्या बाजूनं अर्ध्याहून जास्त बुजलेल्या. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच, आणि त्यानं हलणारे हवेचे फ्लॅप कोणीतरी कधीतरी काढून टाकले होते. सिलिंडरांच्या खालून हवा वळवणारे छोटे पत्रे गायब. हीटरच्या दोन नळ्या काढलेल्या, पण घरावरची त्यांची तोंडं उघडीच. इंजिनाच्या कडेनं पत्रा आणि बॉडी यांमध्ये बसणारी रबरी पट्टी जागोजागी फाटलेली, आणि प्लगच्या वायरींवरची पत्र्याचं भोक झाकणारी रबरं दोन ठिकाणी नव्हतीच.

यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. एकत्र काय होतं ते पाहा. पंखा वरच्या खोलीतली थंड हवा ओढतो, ती पात्यांमधून खाली ढकलतो आणि तापलेली हवा गाडीखाली जाते. वरची थंड बाजू आणि खालची गरम बाजू वेगळी ठेवणं, एवढ्याचसाठी ते पत्रे आणि रबरं असतात. पट्टी फाटली की गाडीखालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर मारतो. हीटरची तोंडं उघडी राहिली की सर्वांत सोप्या वाटेनं हवा तिथून निघून जाते, सिलिंडरांच्या वाट्याला उरलेली. खालचे पत्रे नसले की हवा सिलिंडरच्या मागच्या अंगाला चिकटून न जाता सरळ खाली सुटते, आणि सिलिंडर एका बाजूनं थंड, एका बाजूनं भाजलेला राहतो.

मग यात तिसराच का जळला? 1970 पर्यंतच्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या घराच्या आत, डाव्या बाजूला उभा असतो. त्याच्यातून गेलेली, आधीच तापलेली हवा डाव्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरवर, म्हणजे तीन नंबरवर पडते. हे कारखान्यालाही ठाऊक होतं. काही डिस्ट्रिब्युटरांत (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागात) तीन नंबरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पडेल असा कॅम घडवलेला आहे, तो याचसाठी. पुढे 1971 च्या मॉडेलपासून कूलर बाहेर सरकवून त्याला स्वतंत्र कप्पा दिला, म्हणजे त्याची गरम हवा सिलिंडरला न लागता वेगळ्या वाटेनं बाहेर जाते. आमच्या गाडीत जुनी रचना, त्यात कूलर बुजलेला. तीन नंबरला बाकीच्यांहून कमी आणि गरम हवा मिळत होती.

डावं हेड उतरवल्यावर त्याचा पुरावा मिळाला. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाचली होती, गाइडमध्ये व्हॉल्व्ह बोटानं हलत होता, आणि सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत बारीक तडा गेला होता. याच सिलिंडरचा एक स्टड (हेड आवळून धरणारा लांब आट्यांचा दांडा) नट सोडवताना आख्खा वर आला. त्याच्या आट्यांना क्रँककेसचं (क्रँक सांभाळणाऱ्या, दोन अर्धुकांच्या मुख्य कवचाचं) मॅग्नेशियम राखाडी भुकटीसारखं चिकटलेलं होतं. या 10 मि.मी.च्या स्टडांचे आटे थेट मऊ मॅग्नेशियममध्ये कापलेले असतात. सिलिंडर बीडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, केस मॅग्नेशियमची आणि स्टड पोलादी. तापल्यावर प्रत्येक धातू वेगवेगळा वाढतो आणि सगळा ताण त्या आट्यांवर येतो. इंजिन वारंवार प्रमाणाबाहेर तापलं की आटे सुटतात, हेड किंचित उचललं जातं आणि तिथून गॅस निसटतो. सिलिंडरच्या माथ्यावरची काजळी तेच सांगत होती, फटफट आवाजही तिथलाच.

केस उघडली

दोन्ही अर्धुकं सोडवताना सगळे नट निघाले आहेत ना, हे दोनदा पाहावं. काही नट कडेला, नजरेआड असतात. एखादा राहिला की माणूस वैतागून सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालतो, आणि ती जोडणी कायमची नासते, कारण या सांध्यात गॅस्केट नसतं, धातूवर धातू बसतो. रबरी हातोड्यानं हळूहळू ठोकत गेलं की केस आपोआप सुटते.

क्रँकशाफ्ट पाहून मित्राचा चेहरा खुलला. मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) 54.98 मि.मी., म्हणजे नव्याच्या मापात, आणि ओरखडे नाहीत. आता बेअरिंगं नवी घालून बांधायचं, असं त्याला वाटलं. पण पाण्याच्या इंजिनांवर हात बसलेले लोक इथेच चकतात. त्या इंजिनांत क्रँक झिजतो आणि ब्लॉक टिकतो. इथे पुष्कळदा उलट होतं. तापलेल्या मॅग्नेशियममध्ये पोलादी पाठीचं बेअरिंग वर्षानुवर्षं ठोके देत राहतं आणि स्वतःचं घर मोठं करतं. क्रँक शाबूत, बेअरिंग बऱ्यापैकी, आणि ज्या खाचेत बेअरिंग बसतं ती गेलेली.

दोन नंबरच्या मेन बेअरिंगच्या खाचेवरून नख फिरवलं तर मधोमध कड लागत होती. एवढ्यावर थांबू नये. केस रिकामी बंद करून नट टॉर्कला आवळले आणि बोअर गेजनं मापलं. एक ते तीन नंबरच्या खाचांचं माप 65.00 ते 65.02 मि.मी. हवं, मर्यादा 65.03. आमचं दोन नंबर 65.09, एक नंबर 65.07. एक नंबरचं बेअरिंग हेच क्रँकची पुढे-मागे हालचाल अडवतं, त्याच्या कडा केसला टेकतात, आणि तो टेकण्याचा पृष्ठभागही ठोकला गेला होता. 0.45 चा प्ले तिथून आला होता. बेअरिंगच्या पाठीमागून तेल निसटत होतं, म्हणून गरम झाल्यावर दिवा लुकलुकत होता. वरून हेड नवी चढवली असती तर हे सगळं तसंच खाली राहिलं असतं, आणि नव्या हेडांची ताकद त्याच ढिल्या खाचांवर आणखी जोरात आदळली असती.

तिसऱ्या सिलिंडरच्या मागे या केसना तडा जाण्याची खोड आहे, म्हणून तिथे रंगद्रव्याची तपासणी करून घेतली. तडा नव्हता. मग केस टाकून न देता तिला लाइन बोअर करून (सगळ्या खाचा एका रेषेत यंत्रावर मोठ्या कापून) पुढच्या मापात, म्हणजे 0.5 मि.मी. मोठ्या बाहेरच्या व्यासाच्या बेअरिंगांसाठी घ्यायचं ठरलं. आतला व्यास मूळचाच. थ्रस्टची, म्हणजे क्रँकची पुढे-मागे हालचाल अडवणारी, कडही त्याच वेळी सरळ करून घेतली आणि त्या कापाच्या रुंदीचं एक नंबर बेअरिंग निवडलं. स्टड एकच निघाला होता तरी सोळाच्या सोळा जागी पोलादी आट्यांचे इन्सर्ट बसवले. एक आटा गेला म्हणजे बाकीचे पंधराही तेवढेच तापलेले असतात.

घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, याची सीमा मला इथे स्पष्ट दिसते. मापणं, धुणं, जुळवणं आणि बांधणं घरी उत्तम होतं, बहुधा अधिक सबुरीनं होतं. लाइन बोअर, इन्सर्ट आणि सीटचं काम यंत्राचंच. धुतानाही धातू ओळखून धुवावं. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमची हेड खाऊन टाकतो, आणि आम्लाचं कुठलंही द्रावण मॅग्नेशियमला चालत नाही. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते, म्हणून घासलेली भुकटी लगेच गोळा करून ठिणगीपासून लांब ठेवली. तेलाच्या वाटांची मऊ अॅल्युमिनियमची बुचं ड्रिलनं काढली, आत ब्रश फिरवला, आणि आटे पाडून स्क्रूची बुचं बसवली. आतून निघालेला काळा चिखल पाहिल्यावर ही पायरी वगळायची इच्छा कोणाला होणार नाही. बीटलला मूळचा ऑइल फिल्टर नसतो, फक्त तारेची जाळी असते. बारीक कचरा त्या वाटांमध्येच साचतो.

हेड नवी घेतली. प्लगपर्यंत तडा गेलेलं हेड वेल्ड करणारे आहेत, पण उष्णतेनंच मेलेल्या जागी मी तो धोका घेणार नाही. पिस्टन-सिलिंडर 85.5 मि.मी.चे घेतले. 1500 च्या केसमध्ये आणि 1600 च्या हेडमध्ये ते काहीही न कापता बसतात आणि इंजिन 1584 सी.सी.चं होतं. मित्राला 88 चा मोह होता. तेही न कापता बसतात, पण त्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ केलेली असते, आणि पातळ भिंत तापली की गोलाई सोडते. ज्या इंजिनाचं दुखणंच ताप होतं त्यात ते घालणं मला पटलं नाही, आणि कारण ऐकल्यावर त्यालाही नाही.

बांधणी

पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरच्या कडेपासून तो किती खाली राहतो हे मोजलं: 1.1 मि.मी. हेडमधल्या खळग्यात पिचकारीनं द्रव भरून पाहिला, 50.5 सी.सी. तेवढ्यावर बांधलं असतं तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) 8 च्या आसपास गेला असता. सिलिंडरखाली 0.5 मि.मी.ची शिम (पातळ चकती) घातल्यावर तो सुमारे 7.6 झाला, कारखान्याच्या 7.5 च्या शेजारी. पिस्टन आणि हेड यांतली फट आणखी कमी ठेवावी, जळण चांगलं होतं, असं मानणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. या गाडीला मात्र मला थंड डोकं हवं होतं.

क्रँक केसमध्ये ठेवताना एका गोष्टीला वेळ द्यावा. एक, तीन आणि चार नंबरची बेअरिंगं अखंड कड्या असतात, दोन नंबर तेवढं दोन तुकड्यांचं. प्रत्येकाला केसमधल्या छोट्या खिळीवर बसणारं भोक असतं, आणि क्रँक ठेवला की ते भोक दिसेनासं होतं. म्हणून आधी प्रत्येक बेअरिंग रिकाम्या खाचेत खिळीवर बसवायचं, केसच्या कडेशी पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची, मग बेअरिंगं क्रँकवर चढवून रेघ कडेला जुळवत क्रँक खाली ठेवायचा. बोटानं बेअरिंग किंचित डोलवलं की ते खिळीवर उतरतं आणि डोलणं थांबतं. न उतरलेल्या बेअरिंगवर केस आवळली तर ते चेपतं. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवरचं एक चिन्ह क्रँकच्या गिअरवरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आलं पाहिजे. सहा मोठे नट आवळताना दर टप्प्याला क्रँक हातानं फिरवून पाहिला. कुठेही जड झाला की थांबायचं आणि केस पुन्हा उघडायची, यात तडजोड नाही.

एंड प्ले लावायची रीत सुंदर आहे. फ्लायव्हीलमागे तीन शिमा लागतात. आधी सील न लावता दोनच घालून फ्लायव्हील आवळायचं आणि डायल गेजनं प्ले मोजायचा. आमचा 0.44 आला. त्यातून हवा असलेला 0.10 वजा केला, उरले 0.34, आणि नेमकी त्याच जाडीची तिसरी शिम मिळते. मग सील, ओ-रिंग, तिन्ही शिमा, आणि नट पूर्ण टॉर्कला. शेवटी पुन्हा मोजलं तेव्हा काटा 0.10 वर थांबला.

बाकीचं झरझर झालं. पिस्टनवरचे बाण फ्लायव्हीलकडे, पुशरॉडच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काड्यांच्या) नळ्या बसवण्याआधी ओढून 190 ते 191 मि.मी., हेडचे नट आधी हलके आणि मग 31 न्यूटन-मीटर, व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.15.

जास्त वेळ पत्र्यांना दिला. आतलं मशीन इतक्या काळजीनं बांधून वर फाटकी रबरं चढवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पंख्याचं घर 1971 नंतरच्या रचनेचं घेतलं, त्याच्यासोबतचा थोडा रुंद पंखा, बाहेर सरकलेला कूलर आणि त्याची गरम हवा खाली नेणारे पत्रेही. जुन्या केसच्या तेलाच्या वाटा अरुंद आणि नव्या कूलरच्या रुंद, म्हणून मध्ये पायरीची सीलं लागतात. फ्लॅप आणि थर्मोस्टॅट परत बसवले. तो 65 ते 70 अंशांवर उघडतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं ही समजूत घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात इंजिन तापायला फार वेळ घेतं, तेलात ओल साचते, आणि उघड्या फ्लॅपांनी हवेला जे वळण मिळतं तेही जातं. शिवाय थर्मोस्टॅट बिघडला तर तो फ्लॅप उघडे ठेवून बिघडतो, म्हणजे भीतीचं कारणही उरत नाही. खालचे पत्रे, हीटरच्या नळ्या, प्लगची रबरं, कडेची पट्टी, सगळं जागेवर आलं. काम संपल्यावर वरून दिवा सोडला आणि खालून कुठे उजेड झिरपतो ते पाहिलं.

पहिल्या सुरुवातीआधी प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून सुरू केलं आणि आयडलवर येऊ न देता 2000 च्या वर वीस मिनिटं ठेवलं. नवा कॅम आणि त्यावर टेकणारे नवे टॅपेट उडणाऱ्या तेलावर जगतात, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. नंतर तेल गरम असतानाच काढलं, जाळी धुतली, आणि इंजिन रात्रभर थंड झाल्यावर व्हॉल्व्हची फट पुन्हा लावली.

काही आठवडे चालवल्यावरची मापं: कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला 8.2 ते 8.4 बार, तेलाचा दाब त्याच 70 अंशांवर आणि 2500 फेऱ्यांवर 2.8 बार, एंड प्ले 0.10. गरम आयडलला दिवा लागत नाही. चार नंबरच्या एका पुशरॉड नळीच्या बुडाशी तेलाची ओल दिसते. तिच्यासाठी हेड उतरवावं लागेल, म्हणून सध्या तिच्यावर लक्ष ठेवलं आहे. तेल दर 5000 किलोमीटरला बदलायचं, आणि दर वेळी तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट वेगळी लिहून ठेवायची असं ठरलं आहे. ती दर खेपेला घटत गेली तर व्हॉल्व्ह लांबतो आहे किंवा सीटमध्ये रुतत चालला आहे असं समजून तो तुटण्याआधी हेड खाली घेता येईल.